वाचकांचे प्रश्न : मळ्यातले राखीव रान

चहा, कॉफी, रबर किंवा तेलताड यांच्या मळ्यांत निसर्गासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर मूळचे जंगल पुन्हा उभे राहू शकते का, या विषयावर मागील अंकात एक टिपण दिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली असून फक्त गावांचा उल्लेख ठेवला आहे.

प्रश्न (पुणे) : गेल्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब तमिळनाडूतील वालपराईला गेलो होतो. नजर जाईल तिथवर चहाचे मळे आणि मध्येच दाट झाडीचे पुंजके, असे दृश्य होते. हे पुंजके मळेवाल्यांच्याच मालकीचे असून तेथे जंगल पूर्ववत करण्याचे काम चालते, असे आमच्या वाटाड्याने सांगितले. शेजारी एवढा मोठा व्याघ्रप्रकल्प असताना या लहानसहान तुकड्यांसाठी इतका खटाटोप कशासाठी, हे मला उमगले नाही.

उत्तर : अण्णामलै डोंगरातील वालपराईचे पठार सुमारे २२० चौरस किलोमीटरांचे आहे. १८९०च्या दशकापासून येथील सदाहरित जंगल तोडून आधी कॉफी आणि नंतर प्रामुख्याने चहा लावण्यात आला. तरीही सगळे जंगल गेले नाही. कुठे उतार फार उभा होता, कुठे खडक होता, कुठे ओढ्याचा काठ होता, तर कुठे वेलचीला आणि कॉफीला सावली हवी होती म्हणून वरची मोठी झाडे ठेवली गेली. अशा नाना कारणांनी चाळीसहून अधिक तुकडे मळ्यांच्या हद्दीत उरले. त्यांतील काही एका हेक्टरहूनही लहान आहेत, तर काही शंभर हेक्टरांच्या पुढचे आहेत.

आता आपल्या शंकेचा गाभा. व्याघ्रप्रकल्प मोठा आहे हे खरे, पण त्यात पानझडी जंगल, गवताळ माथे, सागाची जुनी लागवड असे पुष्कळ काही सामावलेले आहे. मध्यम उंचीवरचे, भरपूर पावसाचे आणि सौम्य उताराचे जे सदाहरित जंगल होते, तीच जागा चहालाही सर्वांत मानवणारी होती. म्हणून मळे नेमके तिथेच बसले आणि त्या प्रकारचे जंगल सर्वाधिक घटले. या तुकड्यांत जी झाडे तग धरून आहेत, त्यांपैकी कित्येकांची दुसरी सोय जवळपास नाही.

पुदुतोट्टम नावाचा तुकडा शंभर हेक्टरांहूनही कमी आहे, वालपराई गावाला अगदी लागून आहे आणि त्याच्या मधून रस्ता जातो. एवढ्याशा जागेत सिंहपुच्छ वानरांची संख्या शंभराहून अधिक आहे. हे वानर पश्चिम घाटाच्या दक्षिण भागाखेरीज जगात कोठेही निसर्गतः आढळत नाही, आणि मुळात ते झाडांच्या शेंड्यांवरून फिरणारे, क्वचित जमिनीवर उतरणारे जनावर आहे. पुदुतोट्टममध्ये वरचे छत तुटल्यामुळे ते खाली उतरले, रस्ता ओलांडू लागले आणि गाड्यांखाली सापडू लागले. त्यावर उपाय म्हणून रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या झाडांना जोडणारे झुलते पूल बांधले गेले आणि वाहने सावकाश जावीत म्हणून रस्त्यावर राखणदार नेमले गेले. पूल ही तात्पुरती सोय आहे. दोन्ही बाजूंची झाडे वाढून त्यांच्या फांद्या पुन्हा एकमेकींत मिसळणे, हा खरा इलाज आहे आणि त्याला दोन-तीन दशके लागतात.

नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेने साधारण २००० सालापासून हे काम हाती घेतले. दिव्या मुदप्पा आणि टी. आर. शंकर रामन हे दोघे शास्त्रज्ञ त्यात आरंभापासून आहेत. जमीन कंपन्यांची असल्याने पॅरी अ‍ॅग्रो, टाटा कॉफी यांच्यासारख्या मळेवाल्यांशी बोलणी करून, त्यांनी राखलेल्या तुकड्यांतच लागवड झाली. खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने आणि उत्पादनाला धक्का न लावता इतकी वर्षे सलग चाललेले असे काम आपल्या देशात विरळाच आहे, म्हणून मी त्याकडे फार आदराने पाहतो.

प्रश्न (नागपूर) : मी वनशास्त्राचा विद्यार्थी आहे. जमीन नुसती राखली, चराई आणि तोड थांबवली, की निसर्ग आपले काम स्वतः करतो, असे आम्हाला शिकवले जाते. मग रोपे लावण्यावर पैसा का खर्चावा?

उत्तर : आपल्याला शिकवले ते चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे. राखलेली जमीन आपोआप भरून येण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. जवळपास बी देणारी जुनी झाडे हवीत, ते बी उचलून आणणारे पक्षी-प्राणी हवेत, आणि बी पडेल त्या जागी उजेड व माती मिळायला हवी. शेवटची अट बाहेरच्या तणांनी मोडलेली असते. ज्या जागी घाणेरीचे किंवा रानमोडीचे रान माजले आहे, अथवा मिकानियाच्या वेलीने झुडपांवर चादर अंथरली आहे, तिथे वीस वर्षे राखण केली तरी वीस वर्षांनंतर बव्हंशी घाणेरी, रानमोडी आणि मिकानियाच मिळते.

वालपराईत यात आणखी एक गुंता आहे. रोबस्टा कॉफी मळ्यातून बाहेर पडून तुकड्यांच्या आत शिरली आहे आणि मोठ्या झाडांच्या सावलीत तिची दाट जाळी झाली आहे. वरून पाहणाऱ्याला जंगल शाबूत वाटते, आत शिरल्यावर पायाखाली कॉफीखेरीज दुसरे रोप दिसत नाही. तशीच कथा मेसॉप्सिस या आफ्रिकी झाडाची आहे. कॉफीला सावली म्हणून ते आणले गेले. त्याची फळे धनेशांना आणि उदमांजरांना आवडतात, त्यामुळे ज्या पक्ष्यांनी धूप आणि रानजायफळ या रानझाडांचे बी पसरवायचे तेच पक्षी आता हे परके झाडही जंगलभर पेरतात. अशा ठिकाणी निसर्गाला आपले काम करू द्यायचे म्हटले, तर ते काम कोणाच्या बियांवर चालू आहे हे आधी पाहावे लागते.

अनुभव काय सांगतो? वालपराईत लागवडीनंतर सात ते पंधरा वर्षे झालेल्या जागांची तुलना नुसत्या राखलेल्या पडीक जागांशी आणि मूळच्या अस्पर्श जंगलाशी करण्यात आली. २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. छताची दाटी, झाडांच्या प्रजातींची संख्या, खोडांत साठलेला कार्बन या सर्व बाबतींत लागवड केलेल्या जागा मूळ जंगलाच्या अधिक जवळ पोहोचल्या होत्या, आणि सलग जंगलापासून तुकडा जितका दूर तितका लागवडीचा फायदा जास्त होता. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. मोठ्या जंगलाला चिकटून असलेल्या जागेत हात आखडता घ्यावा आणि राखणीवर भर द्यावा. एकाकी पडलेल्या जागेत मात्र दूरवरून येऊ न शकणाऱ्या प्रजाती, विशेषतः मोठ्या बियांची, सावलीत वाढणारी झाडे, आपण नेऊन लावल्याशिवाय येत नाहीत. पक्ष्यांबाबतही पुढे असाच निष्कर्ष निघाला. लागवड केलेल्या तुकड्यांत घनदाट जंगलातले पक्षी नुसत्या राखलेल्या तुकड्यांपेक्षा अधिक प्रमाणात परतले.

बोर्निओतील साबा राज्यात, दानुम खोऱ्याच्या परिसरात, लाकूडतोड झालेल्या जंगलात १९९२ पासून वेली छाटून डिप्टेरोकार्प कुळातील उंच झाडांची रोपे लावण्याचा मोठा प्रकल्प चालला. २०२० मध्ये मांडलेल्या मापनानुसार, आपसूक भरून येणाऱ्या भागात दर हेक्टरी दर वर्षी २.९ टन कार्बन साठत होता, तर लागवड व वेलछाटणी केलेल्या भागात ४.४ टन. तेथील मोठी झाडे दर वर्षी फळत नाहीत, कित्येक वर्षांनी एकदाच एकत्र बहरतात. त्यामुळे बीजवृक्षच तोडले गेले तर निसर्गाला लागणारा काळ फार लांबतो. मात्र कार्बनचा आकडा म्हणजे जैवविविधता नव्हे, हे ध्यानात असू द्या. एकाच प्रजातीची झपाट्याने वाढणारी लागवडही कार्बन साठवते.

मी स्वतः अशा जागेत गेलो की लावलेली झाडे आधी मोजत नाही. वालपराईजवळच्या एका जुन्या लागवडीत मी गुडघे टेकून पाचोळा बाजूला केला, तेव्हा एका झाडाच्या बुंध्याशी धुपाच्या तीन धारांच्या दगडासारख्या कठीण आठोळ्या सापडल्या. आसपास धुपाचे झाड नव्हते. धनेश मोठी फळे गिळतो, गर पोटात ठेवतो आणि आठोळी तोंडावाटे पुन्हा टाकतो. म्हणजे त्या झाडाच्या फांदीवर धनेश येऊन बसत होता आणि कुठून तरी आणलेले धूप तिथे टाकत होता. त्यांतली एक आठोळी उकलून तिच्यातून वीतभर रोप वर आले होते. हे रोप कोणी लावलेले नव्हते. राखीव जागेचे काम साधत आहे की नाही, हे मला त्या एका रोपाने जितके कळले, तितके लागवडीच्या फलकावरच्या आकड्याने कधी कळलेले नाही.

प्रश्न (रत्नागिरी) : आमच्याकडे सामाजिक वनीकरणात ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प लावले गेले. डोंगर हिरवा झाला. यात वाईट काय?

उत्तर : उघड्या कातळावर आणि झिजलेल्या उतारावर काही तरी उगवले, जळणाला लाकूड मिळाले, याचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्या झाडीला जंगल म्हणू नये. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या सावकाश कुजणाऱ्या पाचोळ्याचा जाड थर आणि सर्वत्र एकाच वयाची, एकाच जातीची खोडे, अशा ठिकाणी धनेशाला फळ नाही, खारीला ढोली नाही आणि स्थानिक रोपांना जागा नाही. चहाच्या मळ्यांतील सिल्व्हर ओकची गतही हीच आहे. ही झाडे एकदम तोडू नयेत, कारण जमीन उघडी पडते. त्यांच्या सावलीचा उपयोग करून खाली स्थानिक रोपे लावावीत आणि ती मांडीएवढी झाली, की वरची परकी झाडे टप्प्याटप्प्याने विरळ करावीत.

प्रश्न (दोडामार्ग, सिंधुदुर्ग) : माझी साडेचार एकर रबराची बाग आहे. त्याआधी तिथे काजू होता. बागेच्या खालच्या अंगाला व्हाळाच्या (ओढ्याच्या) दोन्ही कडांवर तीसेक गुंठे जागा पडीक आहे. मध्ये सात-आठ जुनी झाडे आहेत आणि बाकी घाणेरी व रानमोडी. ती जागा मला रानाला सोडायची आहे. कोणती झाडे लावू, किती अंतरावर आणि रोपे कुठून आणू? शिवाय एक भीती आहे. आमच्याकडे हत्ती येतात. रान वाढवले तर मी त्यांना घराच्या दारात बोलावतो आहे, असे शेजारी म्हणतात.

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. ज्याच्या पोटापाण्याचा प्रश्न त्याच जमिनीवर अवलंबून आहे, असा माणूस तीस गुंठे रानाला देऊ पाहतो, तेव्हा त्याला नेमके आणि व्यवहार्य उत्तर मिळाले पाहिजे. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

सर्वप्रथम, जेसीबी आणू नका. मे महिन्यात, झुडपे सुकलेली असताना, कापडाच्या चिंध्या घेऊन जागा पायाखाली घाला आणि घाणेरीच्या आत लपलेले प्रत्येक स्थानिक रोप शोधून त्याला चिंधी बांधा. सात-आठ जुनी झाडे उभी आहेत म्हणजे त्यांच्या खाली त्यांची आणि पक्ष्यांनी टाकलेली पोरे नक्की असणार. आपण एकही रोप आणण्याआधी जागेने स्वतःच किती रोपे दिली आहेत, हे त्यातून कळेल. त्यानंतरच बेणणी करावी. घाणेरी वरून छाटली तर दुप्पट जोमाने फुटते, म्हणून खोड आणि मूळ जिथे मिळतात त्याच्या खाली, मातीत दोन बोटे आत, कुदळीने तोडून झुडूप उलटे करून ठेवावे. व्हाळाच्या ऐन काठावर मात्र मूळ उपटू नये. आपल्याकडच्या पावसात ती कड एका रात्रीत वाहून जाते. तिथे नुसते छाटत राहावे आणि स्थानिक रोपांनी माती धरली की मगच मुळाला हात घालावा. सगळी जागा एका वर्षात मोकळी करण्याचा मोह टाळावा. जेवढ्या जागेत त्या पावसाळ्यात रोपे लावता येतील आणि पुढे सांभाळता येतील, तेवढीच साफ करावी, कारण उघडी ठेवलेली जमीन रानमोडी पुढच्या दिवाळीपर्यंत परत घेते. व्हाळाला लागून तणनाशक अजिबात वापरू नये.

कोणती झाडे, याचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा आपल्याच व्हाळाच्या वरच्या अंगाला, जिथे जंगल शाबूत आहे तिथे आणि गावच्या देवराईत जाऊन पाहावे. वालपराईची यादी आपल्या कामाची नाही. तिथली मुख्य झाडे आपल्याकडे होत नाहीत. पद्धत मात्र तीच. आपल्या भागात व्हाळाच्या ओलाव्यात रानजायफळ, जांभूळ, करंज आणि उंबर चांगले येतात. जुन्या झाडांच्या सावलीत नागचाफा, सुरंगी, रातांबा, गुळांब आणि अंजनी लावावीत. उघड्या, ऊन पडणाऱ्या भागात आधी चांदाडा, सातवीण, बेहडा आणि वड-पायरीच्या जातीची झाडे लावावीत. चांदाडा लाकडाच्या दृष्टीने बिनकामाचा म्हणून आपण तोडतो, पण तो तीन-चार वर्षांत सावली धरतो आणि त्या सावलीत घाणेरी हटते. बेहडा आणि सातवीण पुढे म्हातारे झाले की धनेशाला घरट्यासाठी ढोली देतात. ते आपल्या हयातीत कदाचित घडणार नाही, तरीही ती झाडे अवश्य लावावीत. आपल्याच तालुक्यातील बांबर्ड्याची रानजायफळाची दलदल पाहिली नसेल तर एकदा जाऊन या. पाण्यात उभे राहून श्वास घेणारी मुळे पाहिल्यावर व्हाळाच्या काठाला काय शोभते ते आपसूक कळेल.

अंतर सहा ते आठ फूट. त्या हिशेबाने तीस गुंठ्यांत सहाशेहून अधिक रोपे बसतील, परंतु चिंध्या बांधलेली रोपे आणि जुन्या झाडांचा घेर वजा करता आपल्याला दोन-अडीचशेच पुरतील आणि ती दोन-तीन पावसाळ्यांत विभागून लावता येतील. ओळी धरू नका आणि एका जातीची रोपे शेजारी-शेजारी लावू नका. साबामध्ये ५०० हेक्टरांवर चाललेल्या एका दीर्घ प्रयोगात सोळा प्रजाती मिसळून लावलेले भाग एकाच प्रजातीच्या भागांपेक्षा लवकर सावरल्याचे उपग्रहाच्या चित्रांतून दिसले आहे.

रोपे विकत मिळण्याची आशा फार धरू नका. बाजारातील रोपवाटिकांत सदाहरित रानातली झाडे क्वचितच असतात, म्हणून बी स्वतः गोळा करावे. वालपराईतही मुख्यतः रस्त्याच्या कडेला पडलेले, गाड्यांखाली चिरडून जाणारे बी उचलतात, म्हणजे जंगलाच्या वाट्याचे बी कमी होत नाही. उदमांजराच्या विष्ठेतले बीसुद्धा धुऊन घेता येते आणि ते चांगले रुजते. देवराईतून बी घ्यायचे तर आधी गावकऱ्यांना आणि मानकऱ्यांना विचारावे. एक गोष्ट मात्र विसरू नका. भाताच्या किंवा भाजीच्या बियाण्यासारखे हे बी वाळवून डब्यात ठेवता येत नाही. जांभूळ, नागचाफा, रानजायफळ यांचे बी सुकले की मेले. गर काढून धुवावे आणि दोन-चार दिवसांच्या आत पिशवीत पेरावे. पिशवीत एक ते दोन वर्षे वाढून रोप गुडघ्याच्या वर आले, की मृगाचा पाऊस नीट लागल्यावर जमिनीत लावावे.

आता मरतुकीविषयी. वालपराईत सुरुवातीच्या वर्षांत सुमारे सव्वाशे प्रजातींची साडेसात हजार रोपे लावून त्यांचा दोन वर्षे माग ठेवला होता. जगण्याचे प्रमाण जागेनुसार ३४ टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत होते. सावलीत जास्त जगली, उघड्यावर कमी. म्हणून पहिल्या उन्हाळ्यात निम्मी रोपे गेली तरी खचू नये. प्रत्येक रोपाशी काठी रोवून क्रमांक द्या आणि वर्षातून दोनदा वहीत नोंद करा. कोणती जात कुठे टिकते, हे आपल्याच वहीतून जितके कळेल तितके कोणी बाहेरचा सांगू शकणार नाही. पहिली तीन वर्षे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर प्रत्येक रोपाभोवती हातभर बेणणी करावी. आपल्या रबराच्या बागेत जमीन झाकण्यासाठी म्युकुना किंवा पुएरारियाचा वेल सोडलेला असेल, तर तो या जागेच्या हद्दीवर दर महिन्याला छाटावा लागेल. हा वेल एका पावसाळ्यात रोपांच्या शेंड्यावर चढून त्यांना वाकवतो, आणि लागवड का मेली हे मालकाला शेवटपर्यंत कळत नाही.

हत्तींचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण त्यावर आपला आणि शेजाऱ्यांचा जीव अवलंबून आहे. कर्नाटकातून हत्ती आपल्या भागात २००२च्या सुमारास येऊ लागले, तेव्हापासून केळी, माड आणि सुपारीचे नुकसान आपण सोसत आहात. शेजाऱ्यांची भीती खोटी नाही. वालपराईतही हत्ती दिवसा ओढ्याकाठच्या झाडीत आणि जंगलाच्या तुकड्यांत थांबतात आणि संध्याकाळी बाहेर पडतात. मात्र तेथील अनुभव असा आहे, की माणसे दगावली ती बहुतेक अंधारात, हत्ती जवळ आहे हे ठाऊक नसताना अचानक गाठ पडल्यामुळे. म्हणून नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे एम. आनंदकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तींच्या हालचालीची बातमी त्या-त्या वस्तीतील लोकांच्या मोबाइलवर संध्याकाळी पाठवण्याची आणि मोक्याच्या जागी दुरून दिसणारे लाल दिवे लावण्याची व्यवस्था बसवली. हे दिवे मजूर स्वतः मोबाइलवरून चालू करतात. २०१५ मध्ये या कामासाठी आनंदकुमार यांना निसर्गरक्षणासाठी दिला जाणारा व्हिटली पुरस्कार मिळाला. हत्ती तेथून गेलेले नाहीत, पण त्यांच्यासोबत राहण्याची रीत बदलली.

आपल्या तीस गुंठ्यांपुरते सांगायचे, तर भेरली माड आणि फणस धनेश-उदमांजरांसाठी कितीही चांगले असले तरी या जागेत लावू नका, हत्तींना ते फार आवडतात. घर आणि पायवाट यांच्या बाजूने वीस-पंचवीस पावले रुंद पट्टा झुडपांशिवाय, नजर आरपार जाईल असा मोकळा ठेवा. दाट लागवड व्हाळाच्या पलीकडच्या कडेने सुरू करा.

प्रश्न (मुंबई) : साबणाच्या वेष्टनावर पाम तेल निसर्गस्नेही असल्याची खूण असते. कंपन्यांच्या मळ्यांतील राखीव जमीन म्हणजे निव्वळ दिखावा तर नाही ना?

उत्तर : काही ठिकाणी तो दिखावाच असतो आणि काही ठिकाणी नसतो. दोन्हींतला फरक ओळखता येतो, म्हणून सरसकट निकाल देण्याचे मी टाळतो. पाम तेल उत्पादक, व्यापारी आणि निसर्गसंस्था यांचे सामाईक व्यासपीठ २००४ मध्ये स्थापन झाले. त्याचे प्रमाणपत्र हवे असेल तर मळ्यातील उच्च संवर्धनमूल्याची जागा, नदीकाठ आणि तीव्र उतार राखावे लागतात. राखणे आणि पूर्ववत करणे यांत मात्र अंतर आहे. नकाशावर हिरवा रंग भरून सोडून दिलेली नदीकाठची पट्टी दहा वर्षांनी जाऊन पाहिली तर पुष्कळदा वेलींखाली गाडलेली सापडते.

खुद्द तेलताडाच्या बागेत काय करता येते, याचे मला सर्वांत आश्वासक वाटणारे उदाहरण सुमात्रातील जांबी प्रांतात आहे. तेथे २०१३ मध्ये एका मोठ्या मळ्यात ताडांच्या मध्ये झाडांची ५२ बेटे तयार करण्यात आली. काही अवघी पाच मीटर लांब-रुंद होती, तर सर्वांत मोठी चाळीस मीटर लांब-रुंद. बेटांतील काही ताड काढून ड्युरियनसारखी स्थानिक झाडे लावली आणि खत व तणनाशक थांबवले. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या मळ्यापेक्षा बेटांत जैवविविधता आणि जमिनीचे, पाण्याचे, परागीभवनाचे व्यवहार अधिक समृद्ध आढळले, बेट जितके मोठे तितका लाभ अधिक होता, आणि संपूर्ण मळ्याचा विचार करता तेलाच्या उत्पादनात घट दिसली नाही. ही बेटे उरलेल्या जंगलाची जागा घेऊ शकत नाहीत, असे संशोधकांनी स्वतःच बजावून सांगितले आहे. जी कंपनी एका हाताने उभे जंगल तोडते आणि दुसऱ्या हाताने बेटे दाखवते, तिचे समर्थन या प्रयोगाने होत नाही.

कंपनीचा अहवाल आपल्या हाती पडला, तर त्यात किती लाख रोपे लावली हा आकडा ओलांडून पुढे जा. राखीव जागेचा नकाशा दिला आहे का, लावलेल्या प्रजातींची नावे आहेत का, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी किती रोपे जिवंत होती ते सांगितले आहे का, आणि न लावता आपोआप उगवलेल्या प्रजातींची नोंद आहे का, एवढे तपासा. मी पाहिलेल्या अहवालांत पहिल्या दोन गोष्टी कधी तरी सापडतात, तिसरी क्वचित, आणि चौथी जिथे सापडते तिथे कोणी तरी दर वर्षी त्या पाचोळ्यात गुडघे टेकून बसलेले असते.